गळ्यावरचा हात

माझ्या गळ्यावर ठेवलेला सुशीचा हात मोठ्या बाईंनी मनगटाला धरून उचलला. सहा वर्षांच्या त्या पोरीला वर्गाबाहेर नळावर नेलं. साबण लावून हात धुतला. परीक्षक समोर खुर्चीत बसले होते. मी फळ्याजवळ उभी होते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. परभणीतल्या एका मूकबधिर शाळेत मी बहिऱ्या लेकरांना शिकवायचं शिक्षण घेत होते. त्या दिवशी शेवटचा पाठ होता. पास झाले तर प्रमाणपत्र आणि नोकरी, नाहीतर परत बोरी. बोरीत माझी धाकटी बहीण रमी जन्माची बहिरी. तिच्यासाठीच मी ह्या वाटेला लागले होते.

बहिऱ्या लेकराला आवाज ऐकू येत नाही, पण हाताला कळतो. बाई बोलताना तिचा गळा थरथरतो. लेकरू एक हात तिच्या गळ्यावर ठेवतं, दुसरा स्वतःच्या, आणि तशीच थरथर काढायला बघतं. आमची सगळी विद्या ह्या हातावर उभी. वर्षभर वसतिगृहातल्या सगळ्या लेकरांचे हात माझ्या गळ्यावर होते, सुशीचाही. कुणी काही म्हणालं नाही, कारण बघायला आईबाप नव्हते. परीक्षेला मात्र त्यांना बोलावलं होतं.

चिठ्ठीत मला सुशी आली आणि शब्द आला 'आई'. पाथरीकडच्या मोठ्या जमीनदाराची ती लेक. तिची आई मागच्या बाकावर बसली होती. पाठ सुरू झाला तशी ती उठली.

"मोठ्या बाई, ही बोरीची, त्यांच्यातली हाय. मला ठाव हाय. माझ्या लेकीचा हात हिच्या गळ्याला कशाला लावायलाव?"

मग तो नळ, तो साबण. परत आल्यावर मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "राहिलेला पाठ आरशात घे."

मी घेतला. आरशात बघून सुशीनं तोंड उघडलं, माझ्यासारखंच. आवाज निघाला नाही. कसा निघेल? तिचा ओला हात पुन्हा माझ्या गळ्याकडं आला. मी मागं सरले. पुन्हा आला. पुन्हा सरले. हे मला अजून सलतं. पहिल्यांदा मोठ्या बाईंनी तिला अडवलं, नंतर मीच अडवलं.

परीक्षकांनी शेरा लिहिला: 'स्पर्शाचा वापर केला नाही. नापास.'

"साहेब, तुमच्यासमोरच तर..."

"मी पाठ बघतो. बाकीचं संस्थेचं."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

संध्याकाळी मोठ्या बाईंनी कागद पुढं केला. "आजारी होते म्हणून पाठ बिघडला, असं लिहून दे. पुढच्या वर्षी परत बसवते. तुझ्याच भल्याचं सांगते."

पेन हातात घेतलं. डोळ्यांपुढं रमी होती. 'मी आजारी' इथपर्यंत लिहिलं आणि ते खोडलं. खाली लिहिलं, 'मी आजारी नव्हते. मुलीचा हात माझ्या गळ्यावरून काढून धुतला गेला.' सही केली.

"हे मी पुढं पाठवणार नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"नका पाठवू. दुसरं मी लिहिणार नाही."

दुसऱ्या दिवशी एसटीनं बोरीला आले. सगळं ऐकून बाप एवढंच म्हणाला, "लिहून द्याचं व्हतं ना माय. काय बिघडलं असतं?" रमी धावत आली, माझ्यासमोर बसली आणि सवयीनं हात माझ्या गळ्यावर ठेवला. मला एक शब्द बोलता येईना. गळा गप्प. तिनं दोनदा बोटांनी चापटी मारली. बोल म्हणून.

तिथंच ठरवलं. पुढच्या वर्षी परीक्षेला जायचं. बसवलं नाही तर शाळेच्या दारात बसायचं. आणि पाठ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांच्या तोंडावर सांगायचं: लेकराचा हात माझ्या गळ्यावर राहील. तुम्हाला धुवायचा असेल तर पाठ संपल्यावर धुवा. मी मागं सरणार नाही.