हौदातलं आडनाव

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर संजीवनी रोज दुपारी एक वाजता सॅरा वॉकर व्हायची. इंग्लंडमधल्या एका फर्निचरच्या दुकानाची ऑनलाइन चॅट सांभाळायचं काम होतं. सोफ्याचा पाय मोडला, कपाटाचे स्क्रू कमी आले, की तिकडची माणसं लिहायची आणि सॅरा उत्तर द्यायची. कामाला लागताना नावांची एक यादी समोर ठेवली होती. त्यातलं वॉकर तिनं उचललं, कारण टाइप करायला सोपं.

खरं आडनाव परीट. ते ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. ओळखपत्रावर तिनं 'संजीवनी एच.' एवढंच छापून घेतलं होतं. एच म्हणजे हिरामण, तिचे आप्पा. वडील काय करतात असं कुणी विचारलं, की ती म्हणायची, टेक्सटाइलचा बिझनेस आहे. सुरुवातीला हे म्हणताना जीभ अडखळायची. आता तेही होत नव्हतं.

आप्पांचा बिझनेस उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, एका बराकीच्या मागे होता. सिमेंटचा हौद, छातीच्या उंचीवर आडवा बांधलेला बांबू, आणि तो बांबू धरून गुडघाभर पाण्यात उभे असलेले आप्पा. जाड गोधड्या, ब्लँकेटं, सतरंज्या घरच्या मशीनमध्ये मावत नाहीत, त्या पायांनी तुडवाव्या लागतात. तीस वर्षं तुडवून त्यांच्या पायांची नखं गेली होती, तळवे पांढरेफटक पडले होते. घटस्थापनेआधी घरोघरचं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं, तेव्हा तर जेवायलाही त्यांना हौदाबाहेर यायची फुरसत नसायची. शाळेत असताना संजीवनीही शेजारी उभी राहून तुडवायची. इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला आणि ती हौदाकडे फिरकेनाशी झाली.

घटस्थापनेला आठवडा राहिला असताना टीम लीडर पायल मॅडमनी एक खेळ काढला. प्रत्येकानं आपल्या कामाच्या नावाचा इतिहास शोधायचा आणि शुक्रवारी पाच मिनिटं सांगायचा. शेजारच्या टेबलावरचा प्रमोद कूपर होता. त्याचे पूर्वज पिंपं बनवणारे निघाले. तो दिवसभर सगळ्यांना पिंपाची ऑर्डर आहे का विचारत हिंडला. संजीवनीला वाटलं होतं, वॉकर म्हणजे जंगलात गस्त घालणारा कुणी असणार. जेवणाच्या सुट्टीत तिनं शोधलं आणि डबा तसाच राहिला.

जुन्या इंग्लंडात लोकरीचं कापड विणून झालं, की ते हौदात टाकायचे. पाणी, माती आणि साठवून ठेवलेलं मूत ओतायचे. मग माणसं अनवाणी त्यावर तासन्‌तास चालायची. तेलकटपणा निघायचा, वीण घट्ट व्हायची. अशा चालणाऱ्याला उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे वॉकर म्हणत, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे फुलर, नैऋत्येच्या कोपऱ्यात टकर. पुढे पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे आले आणि माणसं हौदाबाहेर निघाली. आडनाव राहिलं. आज ते लावणारे हजारो लोक आहेत.

शुक्रवारी तिनं हे सगळं नीट सांगितलं. प्रमोद म्हणाला, "म्हणजे सॅरा, तुझे पूर्वज मुतात नाचायचे." सगळे हसले. तीही हसली. पायल मॅडमनी मात्र मनापासून विचारलं, पायानं तुडवून कापड फाटत नाही का?

संजीवनीला उत्तर येत होतं. टाच आधी टेकली की कापड फाटतं. तळवा अख्खा टेकवायचा, अंगाचं वजन बांबूवर तोलायचं, आणि पाय उचलताना बोटांनी कापड उलटवायचं.

"काय माहीत, मॅम," ती म्हणाली. "असलं काम कोण करतं आता."

घरी आप्पा पायांना खोबरेल चोळत बसले होते. त्यांचे पाय बघून तिला राहवलं नाही. तिनं वॉकरची गोष्ट सांगितली, पण अर्धीच. आप्पांचा हात थांबला.

"साहेबलोकांत पण परीट? आणि आडनाव लावतात? लाजत नाहीत?"

"नाहीत."

"मग तू सांगितलंस ना, माझा बाप हेच करतो म्हणून?"

"हो," संजीवनी म्हणाली. काय म्हणाले सगळे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा भारी वाटलं त्यांना, असंही ती म्हणाली. मग विषय बदलायला दसऱ्याच्या पूजेचं काढलं. ऑफिसची सतरंजी गणपतीपासून चहाच्या डागांनी भरलीय, असं काहीतरी बोलली.

सोमवारी दुपारी वॉचमनचा फोन आला, कोई हिरामण आया है, सतरंजी लेने. पायल मॅडम बाहेर गेल्या, त्यांच्यामागे संजीवनी. काचेच्या दाराबाहेर चपला काढून आप्पा लादीवर अनवाणी उभे होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. चेहरा आनंदी होता, जणू या ऑफिसात आपली आधीच ओळख झालेली आहे.

तुम्हाला कुणी पाठवलं, असं मॅडमनी विचारलं. आप्पांनी लेकीकडे पाहिलं आणि थांबले. ती लादीकडे बघत होती. त्यांना कळायला फार वेळ लागला नाही.

"या मॅडमनी सांगितलं होतं," ते तिच्याकडे हात करून म्हणाले. "मी लाँड्रीवाला."

गिऱ्हाइकाशी बोलतात त्याच आवाजात बोलले. मॅडमनी प्रमोदला सतरंजी आणायला पाठवलं. सतरंजी येईपर्यंतचा सगळा वेळ संजीवनीला बोलायला होता. प्रमोद आला, त्याची नजर आप्पांच्या पायांवर गेली आणि तिथंच अडकली.

"माझे वडील आहेत," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. तिला पुन्हा म्हणावं लागलं.

पायल मॅडम चमकल्या, मग म्हणाल्या, अगं आधी सांगायचं ना, काका बसा, चहा घ्या. प्रमोद न सांगता पाणी आणायला गेला. एवढंच झालं. ज्याला ती दोन वर्षं घाबरत होती, ते एवढंच होतं. आप्पा बसले नाहीत. गोधड्या भिजत घालून आलोय म्हणाले, आणि सतरंजी खांद्यावर घेऊन जिना उतरले.

ती फाटकापर्यंत मागोमाग गेली. आप्पांनी हात करून रिक्षा थांबवली.

"शुक्रवारी सांगितलं म्हणालीस."

आप्पांनी सतरंजी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं गं. सिंधी शेठला पण."

सतरंजीचं एक टोक लोंबत होतं. रिक्षात ठेवायला मदत करावी म्हणून तिनं ते धरलं.

"राहू दे," आप्पांनी ते तिच्या हातातून हळूच सोडवून घेतलं. "कपडे खराब होतील तुझे."