आत्याबाई येऊन राह्यल्या

भाऊबीजेनंतरच्या तिसऱ्या दिवशी दुपारी सव्वाबारा वाजता, चंद्रपूरकडच्या सिंदेवाहीजवळ एका घरासमोर काळीपिवळी जीप थांबली आणि सात माणसं उतरली. घर भास्कररावांचं... आणि दारात मी.

भास्करराव तिथले शिक्षक. यंदा दिवाळीत आम्ही दहा दिवसांसाठी घरं बदलली. ते सहकुटुंब आमच्या सांगलीच्या फ्लॅटमध्ये, मी आणि माझी बायको सुमन त्यांच्या कौलारू घरात. किल्ल्या, गॅसचा नंबर, बोअरच्या मोटरचं बटण... सगळं मी कागदावर लिहून घेतलं होतं. मला तसं लागतं.

त्या दिवशी गावात मंडई होती. दिवाळीनंतर इकडे गावोगाव दिवसाची जत्रा भरते, तीच मंडई, आणि घरोघरी पाहुणे जेवायला येतात. शेजारच्या कुसुमबाई (घरचा व्यवसाय तलावातल्या मासेमारीचा) आदल्या दिवशी कुंपणावरून म्हणाल्या होत्या, "भाऊ, मंडईले आत्याबाई येऊन राह्यल्या बरं."

आता, माझी शाळा दहावीला सुटली. व्याकरण स्वतःच शिकलो आणि अठ्ठावीस वर्षं लोकांच्या पुस्तकांची प्रुफं तपासतोय. येऊन राहिल्या... म्हणजे भूतकाळ. भास्कररावांच्या आत्या कधीतरी आल्या असतील, राहिल्या असतील. "छान," म्हणालो आणि सुमनला सांगितलंसुद्धा नाही.

इकडे 'येऊन राह्यल्या' म्हणजे 'येताहेत'. हे मला त्या काळीपिवळीनं शिकवलं.

आत्याबाई पंच्याहत्तरीच्या. सोबत मुलगी, जावई, चार नातवंडं. मी अदलाबदलीचं सगळं समजावून सांगितलं; भास्कररावांचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"घर बदलवलं म्हंता... बायका तं नाई ना बदलवल्या?"

जावई हसले. बाई मात्र ओसरीच्या पायरीशीच थांबल्या. "लगन झाल्यापासून एक मंडई चुकली नाई माही," म्हणाल्या. "भाऊ गेला त्या सालीबी भास्करनं जेवल्याबिगर जाऊ देल्लं नाई." मग जावयाकडे वळून, "चला. पाव्हण्याच्या घरी काऊन पाव्हणे व्हावं?"

एक क्रियापद मी चुकीचं वाचलं आणि माझ्यासमोर एका बाईचं माहेर बंद होत होतं. डब्यात तांदूळ दोघांपुरते...

तेवढ्यात सुमन तांब्या घेऊन बाहेर आली. "पाय धुवा आत्याबाई, भात लावतेय." कशाचा लावतेस, हे मी विचारलं नाही.

कुंपणापलीकडून कुसुमबाई. "भाऊ, सांगलं होतं ना मी?"

"मला वाटलं, येऊन गेल्या."

त्यांनी तोंडाला पदर लावला. "अन् म्हणे भाऊ पुस्तकं तपासते." मग आत वळून लेकीला हाक, "काढ वं तो गंज." गंज म्हणजे पातेलं; भातानं भरलेलं मोठं पातेलं आलं, मागोमाग मासळीचा रस्सा. सात पानं धरूनच रांधलं होतं. मी अवघडून काहीतरी बोलू लागलो, तर म्हणाल्या, "तुमच्याच्यानं होणार नाई, हे मले कालच दिसून राह्यलं होतं."

समोरच्या घरून वडे आले. कोपऱ्यावरच्या घरून वांग्याची भाजी, आणि पलीकडून एक बाई नुसतीच वाढायला आल्या. मी पाण्याचे पेले भरले... तेवढं मला नीट जमलं.

जेवणं झाल्यावर आत्याबाई आतल्या खोलीत भावाच्या फोटोसमोर थोडा वेळ बसल्या. नंतर सगळे मिळून मंडईत गेलो, ढोलाच्या मागोमाग फिरलो, नातवंडांबरोबर मीही जिलबी खाल्ली.

निघताना सुमननं स्वतःसाठी आणलेला खण घालून त्यांची ओटी भरली. ओटीचे तांदूळ अर्थात कुसुमबाईंचे. आत्याबाई गाडीत बसता बसता म्हणाल्या, "पुढच्या मंडईले तुमीबी येजा. भास्कर असो का नसो."

त्या गावात आमच्या ओळखीचं कुणीही नव्हतं. तरी त्या दुपारी चार घरांनी मिळून आम्हाला यजमान होऊ दिलं... कुसुमबाई, मनापासून आभार.