सव्वातीस इंच

टायरवाल्या काकांना सगळे पाऊणइंच म्हणत, आणि तेही तोंडावर. तरुणपणी ते दगडाच्या खाणीत ट्रकची चाकं बदलायचे. एका ट्रकला भलतीच रिम बसवली होती, चाक पाऊण इंच बाहेर येत होतं. काकांनी मुकादमाशी त्या पाऊण इंचावरून असं काही भांडण काढलं की निम्मी खाण काम टाकून बघायला जमली. "पाऊण इंचानं काय आभाळ कोसळणार आहे का?" मुकादम म्हणाला. आभाळ जागेवरच राहिलं. तिसऱ्या आठवड्यात बेअरिंग गेलं आणि चाक निखळून एकटंच दरी बघायला गेलं. ट्रकमधली माणसं वाचली. मुकादमानं चूक कबूल केली नाही, पण हे नाव तेवढं ठेवलं.

त्याच खाणीत एक ट्यूब फुटली आणि काकांचा डावा कान कायमचा बंद झाला. त्यामुळे काकू चार शब्द सुनवायचे असले की आठवणीनं उजव्या बाजूला येऊन उभ्या राहत.

दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर काकांच्या टायरच्या शेडमध्ये आला तेव्हा त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच चित्र होतं: अठरा इंची चकचकीत रिम आणि तिच्यावर तेहतीस इंच उंचीचा रुंद टायर. त्याला घाईही होती. डोंगरावरच्या वस्तीची फेरी दोनदा अर्ध्यातून परतली होती, एकदा नदीच्या वाळूत रुतून आणि एकदा चिखलाच्या चढावर घसरून. वरच्या कचेरीचं पत्र आलं होतं की तिसऱ्यांदा गाडी पोचली नाही तर फेरी बंद. मग वस्तीवरच्या आजाऱ्यांनी अर्धा दिवस चालत खाली यायचं. डॉक्टरबाई त्याला एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. ते तर त्याला जास्तच लागलं होतं.

"तेहतीस," काका म्हणाले. "गाडी वरातीत नाचवायची आहे का?"

"काका, मोठं चाक म्हणजे कुठंही जाणार ना?"

"जाणार की. पेट्रोलही जाणार, ब्रेकही जाणार. आणि अठराच्या रिमवर टायरला गाल उरतोय कुठं? दगडावर दबणार कोण, तू?" काकांनी बोटानं जुन्या टायरची फुगीर बाजू दाबली. "आधी रस्ता घेऊन ये."

"काय घेऊन येऊ?"

"रस्ता. डब्यात भरून."

म्हातारा वेडा आहे, असं म्हणत ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर गेला आणि औषधांच्या रिकाम्या डब्यांतून नदीची वाळू, चढावरची माती आणि दगडाच्या ढलप्या घेऊन आला.

काकांनी वाळू मुठीत धरली, सोडली, तळहात पाहिला. माती पाणी घालून मळली, अंगठ्यानं दाबली आणि डोळे मिटून विचारलं, "हिच्याखाली वीतभरावर पिवळा दगड आहे ना?"

ड्रायव्हर काकांच्या अंगठ्याकडे बघायला लागला. चढावर घसरलेल्या चाकाखालचा चिखल उकरताना त्याच्या हाताला लागला होता तो दगड पिवळाच होता. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं.

"मग रुंद टायर या चिखलावर तरंगत बसेल," काका म्हणाले. "अरुंद टायर चिखल कापून खाली दगडाला पाय टेकेल. वाळूत हवा कमी केली की उंच गालाचा टायर लांब पसरतो. रिम सोळाचीच ठेव. टायर अरुंद, उंची एकतीस."

एकतीसचे टायर चढले. मडगार्डच्या आत काकांनी मळलेल्या मातीचा बोटभर थर लावला, एक चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवलं आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवायला लावलं. मातीवर ओरखडासुद्धा नाही. ड्रायव्हर खुशीत हात चोळायला लागला.

तेवढ्यात काकू उजव्या बाजूला आल्या.

"गाडी वर रिकामीच जाणार आहे का?"

काका पुतळ्यासारखे थांबले. पन्नास वर्षं काम करूनही आपण रिकाम्या गाडीचं माप घेतलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट दिसलं की ड्रायव्हरनं नजर वळवली.

मग सगळा रस्ता गाडीत भरला गेला. शेजारचा शिंपी गळ्यातल्या टेपसकट बसला. न्हाव्याचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक बसलं. मागून न्हावीही चढला. "याची उरलेली बाजू माझ्याकडं आहे, पळून गेला तर?" काकू सगळ्यात शेवटी बसल्या आणि गाडी मटकन खाली बसली. "बघ," शिंपी म्हणाला, "खरं वजन आत्ता आलं." काकूंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो टेप गुंडाळायला लागला.

स्टिअरिंग फिरलं. मातीत टायरची नक्षी खोल उमटली.

वर दरीच्या कडेच्या वळणावर भरल्या गाडीचं चाक इथंच मडगार्डला अडकलं असतं. काकांनी माती बोटानं चाचपली, पान्हा उचलला आणि चारही चाकं पुन्हा उतरवली. कुरकूर नाही, सबब नाही. "सव्वातीस," एवढंच म्हणाले, आणि बायकोकडे पाहून मान तुकवली. ड्रायव्हरनं आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली होती, पण स्वतःची चूक अशी साध्या पान्ह्यानं उतरवणारा माणूस पहिल्यांदाच पाहत होता.

फेरीच्या सकाळी डॉक्टरबाईंसोबत काकाही गाडीत येऊन बसले. नदीवर त्यांनी उजवा कान व्हॉल्व्हला लावून एकेका चाकाची हवा सोडली. ड्रायव्हरनं मागून गुपचूप मीटर लावून पाहिलं. चारही बरोबर पंधरा पौंडांवर.

"झालं का माझा पेपर तपासून?" काका पाठमोरेच म्हणाले.

वाळूनं गाडी धरलीच नाही. पलीकडे हवा पुन्हा थोडी भरून ते चढाला लागले. चिखल बाजूला होत गेला, खालून दगडाचा खरखरीत आवाज आला, आणि ड्रायव्हरला आपल्याच तळपायांना काहीतरी लागल्यासारखं वाटलं. डॉक्टरबाईंनी खिडकीची कड धरली होती. त्यांनी ती हळूहळू सोडली. दरीच्या कडेचं वळण त्यानं पूर्ण स्टिअरिंग मारून घेतलं. कुठंही काही घासलं नाही.

वस्तीवर एका दाराशी दिवस भरत आलेली एक बाई उभी होती. गाडीचा दरवाजा उघडला तशी ती एक हात कमरेवर ठेवून सावकाश आली. अर्ध्या दिवसाची चाल आठवून ड्रायव्हर नकळत तिची पावलं मोजत होता. अकरा झाली. बारावं तिनं गाडीच्या पायरीवर टाकलं.