खेमानं झाडलेलं रान

होळीला तोरणमाळ करून आलो आणि लिहीन लिहीन म्हणत दिवाळीही गेली. कंटाळा, दुसरं काय. पण तिथल्या बंगल्याच्या बाईंना कबूल केलं होतं, म्हणून आज बसलोय.

लोणखेड्याहून निघालो, ब्राह्मणपुरीत गुऱ्हाळावर रस प्यायला थांबलो आणि तिथेच मुक्काम पडला. पुढे लाकडाच्या रिकाम्या ट्रकनं राणीपूर. ड्रायव्हरला आठ आणे दिले की तो शेजारी बसवतो; धूळ मात्र चुकत नाही. तिथून घाट पायी. भाकरी, लसणाची चटणी बांधून न्या, वाटेत काही मिळत नाही. आणि चपला घालून जाऊ नका. माझे तळवे सोलवटून निघाले.

वर झऱ्याकाठी जंगलखात्याचा जुना बंगला आहे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सुमतीबाईंनी तो चालवायला घेतलाय. खोलीला दीड रुपया, जेवण वेगळं. त्या भाड्यावर खेमा पावरा आणि त्याचा भाऊ झऱ्यावरचं दाट रान वणव्यापासून, कुऱ्हाडीपासून राखतात.

त्या रानात बाईंनी सुतळी बांधून चौकोन आखले होते. आदल्या होळीपासून त्यांत पडेल तो पाला वर्षभर पडू द्यायचा, मग तोलायचा. या पाल्यामुळं झरा उन्हाळ्यात टिकतो, हे जंगलखात्याच्या साहेबाला दाखवायचं, नाहीतर रान तोडीला जाणार.

मी पोचलो तेव्हा चौकोन स्वच्छ होते. नुसते झाडलेले नाहीत, शेणानं सारवलेले.

"खेमा, हे काय रे?" बाईंनी विचारलं.

"पावणा येणार होता ना, बाय. पाल्यात कसा बसवू त्याला?"

बाई सारवलेल्या जमिनीवरच बसल्या. खेमा गेला आणि पाल्याचा भारा घेऊन आला. "घे. जास्तच आणला."

"कुठल्या झाडाचा आहे हा?"

"रानाचाच शे ना."

बाईंना हसू आलं, पण चेहरा उतरलेलाच. साहेबाकडे त्यांनी वर्षाची मुदत मागून घेतली. "पुन्हा होळी ते होळी," त्या मला म्हणाल्या. "तोवर रान राखायचं तर खोल्या भरायला हव्यात. दिवाळीनंतर तरी माणसं पाठवा. लिहा काहीतरी."

"पावणा धाडजो," खेमा म्हणाला. "आता झाडणार नाही."

तीन दिवस राहिलो. नेचे, ओले दगड, भर दुपारी गार सावली. उतरताना पाय ओढत आलो. घरी आल्यावर फोड बसले. त्या झऱ्याचं पाणी आता किती, हा विचार मात्र बसत नाही. तुम्ही जाणार असाल तर लवकर जा. सुतळीच्या आत पाय ठेवू नका, एवढंच.

इथवर लिहिलं तोच आई दारातून म्हणाली, "ऊठ रे भो. तोरणमाळथून कोनी खेमा वना शे, खांदावर कावड शे."

खेमा आलाय? तो तर कधी घाट उतरत नाही.

"काय म्हणतो?"

"पावनास्नं सामान वर लई जावाले वना, म्हने. कोनता पावना रे?"