माफीची साक्षीदार

तमाम वाचकांना जाहीर निवेदनाद्वारे कळवण्यात येते की, पुढील मजकूर अत्यंत गंभीर स्वरूपाचा असून त्यात एक सोनसाखळी, एक मोडलेलं मनगट आणि एक अडकलेली प्रार्थना यांचा समावेश आहे. हसणाऱ्यावर कारवाई होणार नाही. निवृत्त पोलिसाला तो अधिकार उरत नाही.

ती घटना आजही आठवते, आणि जास्त करून पायांना आठवते. बंदोबस्तामागून बंदोबस्त चालले होते. बूट काढले तर परत चढणार नाहीत, म्हणून मी ते काढतच नव्हतो. त्यातच बोरगाव मेघेला चोरी झाली. फिर्यादी एक निवृत्त नर्स, ख्रिस्ती, एकटी राहणारी. रविवारी उपासनेहून लवकर परतली, तर चोर घरातच. एकानं मागून ढकललं, मनगट मोडलं. चेहरे दिसले नाहीत. आईची क्रॉसची साखळी गेली.

तेव्हापासून सिस्टर रोज ठाण्यात. हात प्लास्टरमध्ये, प्रश्न एकच. "सापडला का, साहेब?"

एकदा मी वैतागलो. "सिस्टर, साखळी मिळाली की निरोप देऊ. उन्हात कशाला येता?"

"साखळीचं जाऊ द्या. मले तो मानूस पाह्यजे." मग आवाज खाली आला. "आमच्या प्रार्थनेत एक जागा हाय साहेब. देवा, आमी दुसऱ्याले माफ केलं तशी आमाले माफी दे, असं म्हनाव लागते. तिथं जीभ अडकते. पुढचं निंगतच नाई. देवानं माझं किती पोटात घातलं, मले मालूम हाय. अन् मले याचं एक घालता येऊ नाई?"

हवालदार माझ्या कानाशी म्हणाला, "आरोपीले माफ कराची घाई झालेली फिर्यादी पह्यल्यांदाच पाहून राह्यलो."

मग कारंज्याहून खबऱ्याचा फोन आला. धाब्यावर एक जण ट्रकवाल्यांना क्रॉसची साखळी दाखवत फिरत होता. उचलला. देवळीकडचा नळ दुरुस्तीवाला निघाला. साखळी खिशात होती, ती नाकारायची सोय नव्हती. पण सोबत कोण होतं? गप्प. खोटं बोलणारा आरोपी स्वतः दमतो. गप्प बसणारा पोलिसांना दमवतो. आम्ही दमलो.

हवालदारानं शेवटचं आमिष टाकलं, "बोल ना बावा! साहेब कोर्टात शब्द टाकतीन, तुले माफीचा साक्षीदार करू."

सिस्टर तेव्हा पंचांसमोर साखळी ओळखायला बाहेर बसली होती. तिच्या चर्चमध्ये लोक उभं राहून देवानं काय केलं त्याची साक्ष देतात. 'माफीचा साक्षीदार' एवढंच बाहेर ऐकू आलं आणि तिला वाटलं, पुकारा तिच्याच नावाचा झाला.

"हजर!" म्हणत ती थेट आत.

मी समजावलं, "सिस्टर, माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यातलाच साथीदार. त्यानं आधी सगळं खरं सांगायचं, मग कोर्ट माफी देतं."

"आधी सांगाव लागते?" तिला नवल वाटलं. "आमच्यात उलटं हाय. माफी आधी भेटते, तोंड मंग उघडते."

मग ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बापू, तू मले ढकललं. लई दुखलं. लई शिव्या देल्या मी तुले. पन देवानं मले माफ केलं, म्हनून मी तुले केलं. कायद्याचं साहेब पाहतीन."

आणि तिथंच, डोळे मिटून, तिनं प्रार्थना म्हटली. अडकली नाही. शेवटपर्यंत गेली.

आरोपी ढसाढसा रडायला लागला. "मावशी, मी नाई ढकललं वो! माह्या दाजीनं ढकललं!"

नोकरीभर मी माणसं बोलती केली ती धाक दाखवून, नाही तर सवलत दाखवून. दोन्ही सौदेच. बदल्यात काहीच न मागता दिलेली गोष्ट कुठं ठेवावी हे माणसाला कळत नाही, आणि त्या गोंधळात तो खरं बोलून जातो. हे मला इतक्या उशिरा कळलं की उपयोग करायला नोकरीच उरली नव्हती. दोघांनाही शिक्षा झाली. सिस्टरनं कोर्टात साक्ष दिली, एक शब्द कमी नाही की जास्त नाही.

त्या दिवशी मात्र हवालदारानं दाजीचं नाव लिहायला पेन उचललं, तशी सिस्टर मटकन बाकड्यावर बसली आणि सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "अरे देवा! म्हनजे आता दाजीसाठी पुना पह्यल्यापासून!"