एका नंबरचे दोघे

दसऱ्याला यंत्रांची पूजा करू नये असं मी म्हणत नाही. पुसायचं तर समोरून पुसावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात वहिनीने डीटीपीचं काम सुरू केलं होतं. सुट्टीच्या दिवशी मी मदतीला जायचो. डोंबिवलीचे एक निवृत्त सर तिथे येऊन आपलं आत्मचरित्र सांगायचे आणि ती थेट टाइप करायची. सरांची दृष्टी गेली होती, त्यामुळे हस्तलिखित नव्हतंच. जे काही होतं ते टेबलावरच्या डिस्कमध्ये.

"दुसरी कॉपी काढून ठेव," मी कितीदा म्हणालो असेन.

"दसरा तर होऊ दे रे!"

डिस्क, स्कॅनर आणि संगणक एकाच केबलच्या माळेत असत. तिला स्कझी म्हणत. माळेतल्या प्रत्येकाला एक नंबर असतो आणि संगणकाने त्या नंबरानेच हाक मारायची. सात नंबर संगणकाचा स्वतःचा. दोघांचा नंबर एक झाला की हाक एकाला आणि ओ भलत्याची. आमच्या कोकणात तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, ते उगीच नाही.

नंबर बदलायचं बटण डिस्कच्या पाठीमागे, जेमतेम तांदळाएवढं. दसऱ्याला वहिनीने डिस्क पुढूनमागून फडक्याने खसाखसा पुसली, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि संगणक चालू केला. एरवी पडद्यावर डिस्कचं एक चित्र यायचं. आज रांगेने सात आली.

शेजारच्या गाळ्यातले काका पेढा तोंडात टाकत म्हणाले, "वैनी, बरकत बघा! एकाच्या डायरेक्ट सात!"

सगळे हसले. मी मागे वाकून बघितलं, तर पुसताना बटण दाबलं जाऊन डिस्कचा नंबर तीनचा सात झालेला, म्हणजे संगणकाचाच. आता प्रत्येक हाकेला ती एकटीच ओ देत होती.

"हात लावू नकोस!" मी ओरडलो.

"अरे, मुहूर्ताची एक ओळ तर लिहायला हवी ना?" तिने सरांच्या फाइलमध्ये तारीख टाइप करून सेव्हसुद्धा केलं होतं. डिस्क कुरकुरली आणि पडदा गोठला.

नंबर पूर्ववत केला, सगळं पुन्हा चालू केलं. चित्र एकच आलं. फाइल उघडली तर पानोपानी नुसत्या रिकाम्या चौकटी.

तेवढ्यात सर आपट्याची पानं घेऊन आले. खुर्चीत टेकत म्हणाले, "काल आईचं प्रकरण संपवलं ना आपण? वाच बघू जरा."

वहिनी चौकटींकडे बघत आठवेल तसं वाचायला लागली. मला तिचा भयंकर राग आला आणि कीवही आली. सर मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी हात वर केला.

"मुली, माझी आई असं बोलायची नाही," ते म्हणाले. "सगळंच गेलं का?"