गुलाबनानांचा उलटा खिळा

गिरणेकाठच्या भडगावात ज्या घरी लग्न झालं, त्या घरात गुलाबनानांच्या छापखान्याची पत्रिका आजही एखाद्या खुंटीला लटकलेली सापडेल. नाना अक्षर आधी बोटांनी वाचत आणि मग डोळ्यांनी. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवता जुळवता त्यांच्या केसांचा रंगही शिशासारखा झाला होता.

नानांचे दोन नेम होते. पहिला सगळ्यांना ठाऊक होता. छापलेला पहिला कच्चा कागद, म्हणजे प्रूफ, जुळवणाऱ्यानंच वाचायचा. आपण न वाचलेला कागद गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही. दुसरा नेम कोणालाच ठाऊक नव्हता. सगळं शुद्ध करून झालं की नाना मुद्दाम एक खिळा डोकं खाली, पाय वर असा लावत आणि मग प्रूफ दाखवत. ज्यानं तो पकडला, त्यानं पत्रिका खरंच वाचली. ज्यानं नुसतंच ‘बरोबर आहे’ म्हटलं, त्याच्यासमोर नाना काही बोलत नसत; तो गेला की खिळा सरळ करत आणि त्या माणसाच्या शब्दावर पुन्हा कधी भरवसा ठेवत नसत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी छापखान्यात कॉम्प्युटर आला, त्याच्याबरोबर जळगावचा रुपचंद आला. नाशिकचा एक माणूस पत्रिका जुळवण्याचा प्रोग्राम लिही आणि रुपचंद त्यात अक्षरं, वेलबुट्ट्या, चित्रं घालून फ्लॉप्या बांधून विकायला काढी. पक्का माल काढण्याआधी कच्च्या फ्लॉप्या तो ओळखीच्या छापखानेवाल्यांना एस.टी.नं पाठवी. फुकट वापरा, हवा तसा मोडा, काय बिघडतं ते कळवा, पण गिऱ्हाइकाचं काम त्यावर करू नका, एवढाच करार.

नानांनी त्याला विचारलं होतं, पाठवण्याआधी तू स्वतः पाहतोस ना?

रुपचंद हसला होता. “सगळं मीच पाहिलं तर तुमच्याकडे कशाला पाठवू, नाना?”

ते हसू नानांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. स्वतः न वाचता माल बाहेर काढणारा माणूस असू शकतो, हे त्यांना पटेना. पोरगा लबाड आहे, काहीतरी लपवतो आहे, असं त्यांनी मनाशी धरलं.

पहिली कच्ची फ्लॉपी लावली आणि पत्रिकेवर गणपतीच उलटा छापून आला. डोकं खाली, पाय वर. नानांना खुदकन हसू फुटलं. एवढी ढळढळीत चूक आपोआप होते का? बेट्यानं आपल्यालाच जोखायला खिळा लावला होता. त्यांनी जळगावला फोन लावला आणि सांगितलं, तुझा उलटा खिळा सापडला, बाकी बरोबर.

रुपचंदला वाटलं, चुकीला खिळा म्हणायची ही म्हाताऱ्याची रीत असेल. पण त्यालाही संशय आलाच. सगळ्या फ्लॉपीत एकच चूक? मजकूर साठवून, यंत्र बंद करून, पुन्हा उघडून पाहिलात का, असं त्यानं विचारलं. नानांना तो प्रश्नच लागला. सगळं पाहिलं, असं त्यांनी ताठ्यात सांगून टाकलं. त्या शब्दावर रुपचंदनं गणपती सरळ केला आणि माल पक्का म्हणून विकायला काढला.

पुढच्या लग्नसराईत कोळगावचा झुलाल लेकीची पत्रिका छापायला आला. लग्न भडगावात, बाजार समितीच्या आवारात होतं. नानांनी त्याच पक्क्या प्रोग्रामवर मजकूर जुळवला, पडद्यावर अक्षर न् अक्षर वाचला, साठवला आणि यंत्र बंद केलं. सकाळी उघडून छापायला घेतला. पुन्हा वाचला नाही. जुळवलेल्या खिळ्यांचा चौकटीत घट्ट आवळलेला फर्मा रात्रीत बदलत नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. पण साठवताना प्रोग्राम शेवटची ओळ गिळत होता, आणि शेवटच्या ओळीत लग्नाचं ठिकाण होतं.

लांबचे पाहुणे कोळगावी जाऊन कुलूप लावलेल्या घरापुढे बसले. इकडे अक्षता पडल्या तेव्हा नवरीचा मामाच मांडवात नव्हता.

झुलाल छापखान्यात आला, पण भांडला नाही. पत्रिका टेबलावर ठेवून एवढंच म्हणाला, “नाना, तुम्हीन वाचं नही का?”

नानांच्या उभ्या जन्मात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी पाचोऱ्याहून जळगावची गाडी धरली आणि रुपचंदच्या दुकानात जाऊन उभे राहिले. दुसरा खिळा लावलास आणि काढायचा विसरलास, असं तोंडावर सांगितलं.

रुपचंदला आधी कळेचना. नानांनी आपला दुसरा नेम पहिल्यांदाच कोणाला तरी उलगडून सांगितला, तेव्हा तो कपाळाला हात लावून बसला. त्यानं आईची शपथ घेतली: खिळाबिळा काही लावला नव्हता, ती चूकच होती, गणपतीचीही चूकच. तो फक्त प्रोग्राम चालू होतो का एवढं पाहायचा. बाकी पाहायला नाना होते.

“मंग झुलालना मांडव कोन पाह्यी?” नानांनी विचारलं.



पुढची कच्ची फ्लॉपी आली तिच्याबरोबर रुपचंदचा निरोप होता: साठवून, बंद करून, उघडून मी स्वतः वाचलं आहे, आता तुम्ही वाचा. नानांनी लगेच फोन केला. यावेळी किती खिळे लावलेस? एकही नाही, रुपचंद म्हणाला. नानांना खरं वाटलं नाही. प्रत्येक फ्लॉपीला तोच प्रश्न, तेच उत्तर आणि तोच अविश्वास. नानांची बायको सुंदरबाई घरातून टोमणा मारत, “तुमले आंघोळना पानीमा बी खिळा दखास.”

शेवटी रुपचंद कंटाळला. एका फ्लॉपीच्या वेळी म्हणाला, “लावलेत, नाना. किती ते सांगणार नाही.”

“माले माहीत व्हतं,” नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात मोठं समाधान होतं.

त्या दिवसापासून नाना रोज संध्याकाळी मजकूर साठवून यंत्र बंद करत आणि सकाळी चहाआधी उघडून पहिल्या अक्षरापासून पुन्हा वाचत. चूक सापडली की कळवत, आणि कळवून झालं की पुन्हा वाचायला बसत. अजून एखादा असणारच, रुपचंद लबाड आहे, अशी त्यांची खात्री होती.